नळाच्या पाण्यातली कीटकनाशकं : ठाणे-नवी मुंबईकर वारंवार विचारतात ते प्रश्न

हे प्रश्न विचारणारे लोक ठरलेले आहेत. सोसायटीच्या पाणी समितीवर नाइलाजाने बसवलेले सभासद, पेस्ट कंट्रोलचं कंत्राट दिलेले सेक्रेटरी, घरात तान्हं बाळ असलेले आईबाप आणि पाणी शुद्ध करायचं यंत्र विकणाऱ्या माणसाने टीडीएसचं पेन पाण्यात बुडवून घाबरवलेले सगळेच. म्हणून प्रश्नांची भाषाही त्यांचीच ठेवली आहे.

आमच्या नळाच्या पाण्यात कीटकनाशकं असतात का?

शेतीच्या खोऱ्यातून येणाऱ्या कुठल्याही पाण्यात त्यांचा अंश सापडू शकतो. खरा प्रश्न असतो तो किती आणि कुठून आला याचा. आपल्याकडचं धरणाचं पाणी कोकणच्या पावसाचं आहे. तो पाऊस इतका पडतो की वर शेतात मारलेलं औषध धरणात पोचेपर्यंत भरपूर पातळ होतं. त्यामुळे आपल्या शहरांत मला धरणापेक्षा सोसायटीच्या फाटकाच्या आतल्या भागाची काळजी जास्त वाटते. अंडरग्राउंड टाकी, तिच्या कडेने झालेलं वाळवीचं काम, टँकर आणि बोअर. पाणी फाटकापर्यंत चांगलं येतं आणि आत आल्यावर आपण ते बिघडवतो, असंच बहुतेक वेळा घडतं.

पण आमचं पाणी नेमकं येतं कुठून?

हे प्रत्येकाला माहीत हवं आणि फार थोड्यांना असतं. चाचणी कुठल्या औषधांसाठी करायची हेही त्यावर ठरतं.

नवी मुंबई महापालिकेचं स्वतःचं धरण आहे : खालापूर तालुक्यात धावरी नदीवरचं मोरबे. तिथलं पाणी भोकरपाड्याच्या केंद्रात शुद्ध होऊन बेलापूर, नेरूळ, वाशीकडे येतं. ऐरोली-दिघ्याच्या बाजूला काही वस्त्यांना एमआयडीसीचं, म्हणजे बारवी धरणाचं पाणी मिळतं. खारघर, उलवे इकडे सिडकोच्या पाण्यात पेण तालुक्यातल्या हेटवणे धरणाचा वाटा मोठा. पनवेलला गावाजवळचं देहरंग धरण आहे आणि पाताळगंगेचंही पाणी आहे.

ठाण्याचं गणित आणखी गुंतागुंतीचं. महापालिकेची स्वतःची योजना भातसा नदीचं पाणी पिसे इथे उचलते आणि टेमघरला शुद्ध करते. स्टेम या पाणीपुरवठा प्राधिकरणाचं पाणी उल्हास नदीचं. कळवा, मुंब्रा, दिवा भागात एमआयडीसीचं. काही भागांना मुंबई महापालिका पाणी देते. एकाच रस्त्याच्या दोन बाजूंच्या इमारतींना दोन वेगळ्या नद्यांचं पाणी मिळणं ठाण्यात नवलाचं नाही. वॉर्डातल्या पाणीपुरवठा विभागाच्या कनिष्ठ अभियंत्याला विचारा, तो दोन मिनिटांत सांगेल.

धरणाच्या वरच्या अंगाला शेती आहेच की. फवारलेलं औषध पाण्यात उतरत नाही का?

उतरतं, पण सारखं नाही. शहापूर, मुरबाड, कर्जत, खालापूर हा भाताचा पट्टा. जूनमध्ये पेरणी, जुलैत लावणी आणि लावणीनंतर लगेच तणनाशक. ब्युटाक्लोर, प्रेटिलाक्लोर ही त्यातली नेहमीची नावं. पुढे खोडकिडा आणि तुडतुडे आले की दाणेदार औषध किंवा फवारणी. म्हणजे औषध जमिनीवर ताजं असतानाच मुसळधार पाऊस कोसळतो आणि बांधावरून वाहणारं पाणी ओढ्याला लागतं. पाऊस संपल्यावर भेंडी-काकडीसारख्या भाज्यांची लागवड होते आणि फवारणी सुरूच राहते, पण तेव्हा वाहून जायला पाणी नसतं.

धरण आणि नदी यांतही फरक करायला हवा. धरणात पाणी महिनोन्‌महिने थांबतं, गाळ खाली बसतो आणि गाळाला चिकटलेलं औषधही खाली जातं. उल्हाससारख्या नदीतून थेट उपसा होतो तिथे ही सवड कमी. शिवाय उल्हासच्या काठाने आता भातशेतीइतकीच फार्महाउस आणि बंगल्यांच्या स्कीम उभ्या आहेत. लॉनवरचं तणनाशक आणि पायातलं वाळवीचं औषध हाही त्या खोऱ्यातला वापरच आहे, फक्त त्याला कोणी शेती म्हणत नाही.

महापालिका पाणी शुद्ध करते ना? मग ते तिथेच निघून जात नाही का?

केंद्रात तुरटी किंवा पीएसी (तुरटीसारखंच गाळ बसवणारं रसायन) घालून गढूळपणा खाली बसवतात, वाळूच्या थरातून गाळतात आणि क्लोरीन देतात. हे सगळं जंतू आणि गाळासाठी आहे आणि त्या कामात ते उत्तम आहे. डीडीटीसारखी गाळाला घट्ट धरून बसणारी औषधं गाळाबरोबर बरीचशी जातात. मोनोक्रोटोफॉससारखी पाण्यात सहज विरघळणारी मात्र वाळूला दाद देत नाहीत. त्यांना पकडायला सक्रिय कार्बन, म्हणजे खास तयार केलेला सच्छिद्र कोळसा लागतो.

क्लोरीनचं एक वेगळंच आहे. क्लोरपायरीफॉससारख्या ऑर्गनोफॉस्फेट गटातल्या औषधाला क्लोरीन भेटलं की त्याचं ‘ऑक्सॉन’ तयार होतं आणि ते मूळ औषधापेक्षा जास्त विषारी असतं. यावरून क्लोरीन नको असा निष्कर्ष कोणी काढू नये. क्लोरीन नसेल तर कॉलरा-काविळीने माणसं आधी जातील.

उकळलं तर?

नाही. पाणी वाफ होऊन जातं, औषध बहुतेक मागेच राहतं, उलट थोडं दाट होतं. जंतूंसाठी उकळा, त्यात वाद नाही.

तुरटी, तांब्याचा हंडा, तुळस, शेवग्याच्या बिया, मातीची कँडल?

यातल्या कशानेही विरघळलेलं कीटकनाशक भरवशाने निघत नाही. गाळ बसवायला तुरटी आणि शेवगा चालतो. बाकी श्रद्धा.

पाण्याचा टीडीएस ४० येतो. म्हणजे पाणी एकदम शुद्ध ना?

नाही, आणि हा गैरसमज सगळ्यात महागात पडतो. टीडीएसचं पेन पाण्यातून वीज किती सहज वाहते ते मोजतं आणि त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतं. बहुतेक कीटकनाशकं विजेला दाद देत नाहीत. शिवाय प्रमाण बघा. पेनवरचा सगळ्यात लहान आकडा १, म्हणजे लिटरला एक मिलिग्रॅम, म्हणजेच १,००० मायक्रोग्रॅम. ऑल्ड्रिन या जुन्या कीटकनाशकाची परवानगी असलेली मर्यादा आहे लिटरला ०.०३ मायक्रोग्रॅम. म्हणजे पेनवर १ दिसायला लागेल तेवढ्या वजनाचं ऑल्ड्रिन पाण्यात असेल, तर ते मर्यादेच्या तीस हजार पटींहून जास्त झालं.

सह्याद्रीच्या दगडावरून आलेल्या पावसाच्या पाण्याचा टीडीएस कमीच असतो. तो कमी आहे म्हणून निश्चिंत होऊ नका आणि बोअरच्या पाण्याचा ८०० आला म्हणून त्यात विष आहे असंही समजू नका. दारात आलेला विक्रेता पेन बुडवून कीटकनाशकांबद्दल बोलायला लागला की त्याला सरबत द्या आणि निरोप द्या.

सोसायटीच्या आत कीटकनाशक कुठून येणार?

सगळ्यात नेहमीची वाट वाळवीची. आपल्याकडची दमट हवा आणि भरावाची जमीन वाळवीला मानवते. मीटर रूमचं लाकूड पोखरलं, तळमजल्यावरची दाराची चौकट पोकळ झाली की कमिटी पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावते. तो भिंत आणि फरशी मिळते त्या कोपऱ्यात साधारण फुटाफुटावर ड्रिलने भोकं पाडतो, त्यात औषधाचं पांढरं पाणी दाबतो आणि भोकं सिमेंटने बुजवतो. औषध बहुतेक वेळा क्लोरपायरीफॉस २० ईसी किंवा इमिडाक्लोप्रिड.

कोपरखैरण्याच्या एका जुन्या सोसायटीत असं काम चालू असताना उभं राहून बघितलंय. अंडरग्राउंड टाकी स्टिल्टमध्ये, म्हणजे इमारतीखालच्या पार्किंगमध्ये, तिची एक भिंत आणि मीटर रूमची भिंत एकच. कामगाराने त्याच भिंतीच्या बुडाशी भोकं पाडली होती. एका भोकात औषध घ्यायचं थांबेना. इतर भोकं अर्ध्या मिनिटात भरून वर येत होती, हे मात्र पीत राहिलं. भोक खाली कुठल्यातरी पोकळीत उघडलं होतं आणि ती पोकळी टाकीच्या बाजूची होती. दुसरीकडे भरून सांडलेलं दुधाळ पाणी फरशीच्या उतारावरून सरळ टाकीच्या झाकणाकडे चाललं होतं. झाकणाची लोखंडी चौकट एका कोपऱ्यात गंजून बोटभर उघडी. वॉचमनकाकांनी पोतं आडवं टाकलं म्हणून ते पाणी थांबलं. पोतं टाका असं त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

आता हिशेब करू. २० ईसी म्हणजे लिटरभर औषधात साधारण २०० ग्रॅम क्लोरपायरीफॉस. ते १९ लिटर पाण्यात मिसळलं की एक टक्क्याचं द्रावण होतं, तेच भोकात जातं. त्यातलं एक पेलाभर, पाव लिटर धरा, टाकीत गेलं तर अडीच ग्रॅम औषध गेलं. टाकी एक लाख लिटरची असेल तर लिटरला २५ मायक्रोग्रॅम. पिण्याच्या पाण्यातली मर्यादा ३० आहे, म्हणजे काठावर वाचलो. टाकी रो-हाउसवाल्यांची, दहा हजार लिटरची असेल तर २५०, मर्यादेच्या आठ पट. आणि वरच्या हजार लिटरच्या काळ्या टाकीत मूळ बाटलीतलं चहाचा एक चमचाभर सांडलं तर १,०००. त्या गच्चीवर पेस्ट कंट्रोलवाले पंप कुठे भरतात ते एकदा जाऊन बघाच.

मग वाळवीचं काम करायचंच नाही का?

करा. टाकीच्या भिंतीपासून लांब ठेवून करा. विहिरी किंवा पिण्याच्या पाण्याच्या स्रोतात औषध जाणार नाही याची काळजी घ्यावी, हे वाळवीच्या कामाच्या भारतीय मानकातच, आयएस ६३१३ मध्ये, लिहिलेलं आहे. कंत्राटात टाकीची जागा दाखवणारा नकाशा जोडा आणि तिच्या भिंतींना ड्रिल लागणार नाही असं लिहून घ्या. व्यवसाय म्हणून असं काम करणाऱ्याकडे कीटकनाशक कायद्याखालचा, कृषी खात्याचा परवाना लागतो. त्याची प्रत मागा. कोणतं औषध, किती लिटर, बाटलीचा बॅच क्रमांक काय, याची नोंद घेऊन ठेवा. पुढे चाचणीची वेळ आली तर प्रयोगशाळेला काय शोधायचं हे सांगता येईल. टाकीच्या भिंतीलाच वाळवी असेल तर लाकडी वस्तू काढून टाकणं, भेगा बुजवणं आणि आमिषाचे सापळे लावणं हा मार्ग आहे. वेळ लागतो, पण द्रव औषध ओतावं लागत नाही.

कंपाउंडमधलं गवत जाळायला मारलेलं तणनाशक हीच गोष्ट. पावसाळ्याच्या तोंडावर, बोअरच्या तोंडाशी ते मारणारे माळी पुष्कळ आहेत. गवत कापून घ्या.

झुरळांच्या जेलबद्दल बरेच जण विचारतात. ते ओट्याच्या बिजागरीत ठिपक्याएवढं लावतात, पाण्यात जायचा संबंध नाही.

डेंग्यूच्या दिवसांत पालिकेचे लोक ड्रममध्ये आणि टाकीत औषध टाकून जातात. ते पाणी प्यायचं का?

ते बहुधा टेमेफॉस असतं, लोक त्याला अबेट म्हणून ओळखतात. हेही ऑर्गनोफॉस्फेटच आहे, पण डासांच्या अळ्या मारायला लागणारं प्रमाण अगदी कमी असतं. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यासाठी लिटरला एक मिलिग्रॅमपर्यंतचा डोस मान्य केलेला आहे. तेवढ्याच प्रमाणात टाकलं तर भीतीचं कारण नाही. अडचण येते ती अंदाजपंचे ओतण्याची. टाकी किती लिटरची आहे हे कर्मचाऱ्याला तुम्हीच सांगा आणि किती मिली टाकलं ते लिहून घ्या. वापरण्याच्या पाण्याला औषध, पिण्याच्या टाकीला घट्ट झाकण आणि व्हेंट पाइपला जाळी एवढं केलं तर पिण्याच्या टाकीत औषध टाकायची वेळच येत नाही. शोभेच्या हौदाला गप्पी मासे.

धुराच्या फवारणीच्या वेळी गच्चीवरच्या टाक्यांची झाकणं लावलेली आहेत ना, तेवढं पाहा.

उन्हाळ्यात टँकर मागवावा लागतो. त्याचं काय?

घोडबंदर रोडवाल्यांना हा प्रश्न मे महिन्यात विचारावासा वाटतो. खरं तर तो जानेवारीत विचारायला हवा, तेव्हा टँकरवाला उत्तर देण्याच्या मनःस्थितीत असतो. टँकर कुठे भरतो? महापालिकेच्या भरणा केंद्रावर की खासगी विहीर-बोअरवर? पावती मागा. विहिरीचं असेल तर ती विहीर कशाच्या शेजारी आहे? शेत, नर्सरी, भंगारवाला, कारखाना? आणि हाच टँकर एरवी काय वाहतो? झाडांना आणि बांधकामाला पाणी पुरवणाऱ्या टँकरचं पाणी पिण्याच्या टाकीत घेऊ नये. टँकरचं पाणी फक्त फ्लशच्या टाकीत उतरवण्याची सोय असेल तर निम्मी चिंता तिथेच मिटते.

गावठाणात जुनी विहीर आहे. आजोबांच्या काळापासून तेच पाणी पितो.

आजोबांच्या काळात विहिरीभोवती भातखाचरं होती, आता चार-चार मजल्यांची घरं आहेत. घणसोलीपासून दिवाळे गावापर्यंत बहुतेक गावठाणांत हेच चित्र. शेती गेली म्हणून शेतीच्या औषधाची भीती कमी झाली, त्या जागी शेजारच्या इमारतीच्या पायातलं वाळवीचं औषध आणि मलवाहिनीची गळती आली. उथळ विहिरीला दोन्ही लवकर लागतात. पाणी धुण्याभांड्याला वापरा; प्यायचं असेल तर वर्षातून एकदा तपासून घ्या.

किती असलं तर धोक्याचं?

पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक आयएस १०५०० (२०१२) अठरा कीटकनाशकांच्या मर्यादा देतं. लिटरला मायक्रोग्रॅममध्ये काही सांगायच्या तर : क्लोरपायरीफॉस ३०, २,४-डी ३०, मॅलॅथिऑन १९०, ब्युटाक्लोर १२५, ॲट्राझिन २, फोरेट २, डीडीटी १, मोनोक्रोटोफॉस १, एंडोसल्फान ०.४, मिथाइल पॅराथिऑन ०.३, ऑल्ड्रिन-डायल्ड्रिन ०.०३. रोज तेवढं पाणी आयुष्यभर प्यायलं तरी अपाय होऊ नये अशा हिशेबाने हे आकडे बसवलेले असतात. म्हणून एखाद्या आठवड्यात मर्यादेच्या दीडपट आलं म्हणजे विषबाधा झाली असं नाही, पण उगम शोधून बंद करायलाच हवा.

यादीतली मोठी उणीव अशी की आज वापरात असलेली कित्येक औषधं तीत नाहीत. इमिडाक्लोप्रिड नाही, ग्लायफोसेट नाही. उलट बंदी आलेली बरीच आहेत. मानक जुन्या काळाची भीती मोजतंय, असं माझं स्पष्ट मत आहे.

बाटलीबंद पाण्याची मर्यादा वेगळी का?

सीलबंद पाण्याला, आयएस १४५४३ प्रमाणे, कुठलंही एक कीटकनाशक लिटरला ०.१ मायक्रोग्रॅम आणि सगळी मिळून ०.५ यापेक्षा जास्त चालत नाही. युरोपात हेच आकडे नळाच्या पाण्यालाही लागू आहेत. ‘अपाय किती प्रमाणात होतो’ हा हिशेब त्यामागे नाही. पाण्यात ही गोष्ट असूच नये, ही भूमिका आहे. आपल्याकडे हे आलं ते २००३ च्या वादानंतर. त्या फेब्रुवारीत सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटने दिल्ली आणि मुंबईतल्या बाटलीबंद पाण्यात कीटकनाशकं सापडल्याचं जाहीर केलं, ऑगस्टमध्ये शीतपेयांचा अहवाल आला आणि शरद पवारांच्या अध्यक्षतेखाली संयुक्त संसदीय समिती बसली. बाटलीचे नियम कडक झाले. नळाला मात्र तो कडकपणा मिळाला नाही, आणि बाटली ज्याला परवडत नाही तो पाणी पितो नळाचंच.

बंदी घातलेली औषधं आता पाण्यात कशी असतील?

डीडीटीचा शेतीतला वापर १९८९ मध्ये थांबला, एंडोसल्फानवर सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये बंदी आणली, मिथाइल पॅराथिऑन २०१८ मध्ये गेलं, फोरेट २०२० च्या अखेरीस. पण डीडीटीसारखी जुनी ऑर्गनोक्लोरीन औषधं जमिनीत आणि गाळात दशकानुदशकं टिकतात. तलावाचा, विहिरीचा गाळ ढवळला की ती वर येतात. ऑर्गनोफॉस्फेट त्यामानाने लवकर मोडतात, आठवड्या-महिन्यांत.

चाचणी कुठे करायची? पालिकेच्या प्रयोगशाळेत होते का?

वॉर्डात होणारी नेहमीची चाचणी क्लोरीन, गढूळपणा आणि जंतूंची असते. कीटकनाशकांसाठी जीसी-एमएस आणि एलसी-एमएस ही यंत्रं लागतात. अशा खासगी प्रयोगशाळा ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यात आहेत. एनएबीएल या प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर प्रयोगशाळेचं नाव घालून तिच्या मान्यतेच्या यादीत ‘पाण्यातील कीटकनाशक अवशेष’ हे काम आहे का ते पाहा. एनएबीएलचा शिक्का जंतूंच्या चाचणीसाठी असतो आणि जाहिरात सगळ्याची केली जाते, असं पुष्कळदा दिसतं. खर्च हजारांच्या घरात जातो, तेव्हा एकट्याने न करता सोसायटीने मिळून करावी.

नमुना घेण्यात घोळ झाला तर पैसे पाण्यात. प्लॅस्टिकची बाटली चालत नाही, काही औषधं तिला चिकटतात. प्रयोगशाळेकडून तपकिरी काचेची लिटरची बाटली मागा. तीत आधीच चिमूटभर पावडर असते, ती पाण्यातलं क्लोरीन मारण्यासाठी आहे. बाटली विसळायची नाही. बर्फाच्या डब्यात घालून त्याच दिवशी पोचवा. शक्य असेल तर तीन जागांचे नमुने घ्या : पालिकेच्या मीटरवर, अंडरग्राउंड टाकीत आणि एका घराच्या नळावर. मीटरवर काही नाही आणि टाकीत आहे, म्हणजे भांडण पालिकेशी नाही, आपलं आपल्याशीच आहे.

वेळ? एक नमुना जुलैत, भातलावणीनंतरच्या जोरदार पावसात. आणि सोसायटीत वाळवीचं काम झाल्यानंतर आठवडाभरात.

अहवालात सगळीकडे ‘बीडीएल’ लिहिलंय. सुटलो ना?

‘बीडीएल’ म्हणजे यंत्राला दिसलं नाही. यंत्राची नजर किती बारीक, हा पुढचा प्रश्न. ऑल्ड्रिनची मर्यादा ०.०३ आणि प्रयोगशाळेचं यंत्र ०.१ च्या खाली पाहू शकत नसेल, तर त्या ओळीतल्या ‘बीडीएल’ला काही अर्थ नाही. प्रत्येक औषधासमोर मोजण्याची किमान पातळी छापलेली असावी आणि ती मर्यादेपेक्षा कमी असावी. दुसरं, एकक तपासा. मिलिग्रॅम आणि मायक्रोग्रॅम यांत हजार पटीचा फरक आहे, आणि मानकात एक, अहवालात दुसरं असा प्रकार नेहमी होतो. तिसरं, तुम्ही ज्याच्यासाठी चाचणी केली ते औषध यादीत आहे का? इमिडाक्लोप्रिड मारून अठरा औषधांची ठरावीक चाचणी केली तर ते सापडणारच नाही, कारण ते शोधलेलंच नाही.

घरी कोणतं यंत्र लावू?

आधी चाचणी, मग यंत्र. तरी आजच काहीतरी लावायचंच असेल तर चांगल्या प्रतीच्या सक्रिय कार्बनचा फिल्टर. बहुतेक कीटकनाशकं कार्बनच्या पृष्ठभागाला चिकटून राहतात. त्याची ताकद मात्र संपते आणि संपल्याचं दिसत नाही, चवीवरूनही कळत नाही. काडतूस सांगितलेल्या लिटरांनंतर बदलायलाच हवं. पांढरी दोऱ्याची किंवा फोमसारखी कँडल गाळ अडवते, औषध नाही. घेताना एनएसएफ ५३ या मानकाखाली ॲट्राझिन, लिंडेन यांसारख्या औषधांसाठी प्रमाणित आहे का ते विचारा.

आरओ बहुतेक औषधं चांगली अडवतो आणि त्यात कार्बनही असतोच. ग्लायफोसेटसारखं कार्बनला फारसं न जुमानणारं औषध असेल तर आरओच. पण एक लिटर पाण्यामागे दोन-तीन लिटर वाया घालवून, मुळातच मऊ असलेलं मोरब्याचं किंवा भातशाचं पाणी आणखी क्षारहीन करायचं, हे मला पटत नाही. राष्ट्रीय हरित लवादानेही २०१९ मध्ये टीडीएस ५०० च्या खाली असेल तिथे आरओ नको अशीच भूमिका घेतली होती. बोअरचं खारट पाणी पिणाऱ्यांची गोष्ट वेगळी.

नुसता यूव्ही जंतूंसाठी. काही सेकंदांच्या त्या उजेडाने कीटकनाशक मोडत नाही.

वीस लिटरचे थंड जार मागवले तर?

ज्या जारवर परवाना क्रमांक, बॅच, तारीख काहीच नाही तो जार म्हणजे कोणाच्या तरी बोअरचं थंड केलेलं पाणी असू शकतं. त्याला बाटलीबंद पाण्याचे नियम लावून विश्वास ठेवू नका.

घरात सहा महिन्यांचं बाळ आहे.

वजनाच्या मानाने बाळ मोठ्यांपेक्षा जास्त पाणी घेतं, विशेषतः डब्याचं दूध पाण्यात कालवून देत असाल तर. सोसायटीत नुकतंच वाळवीचं काम झालं असेल तर अहवाल येईपर्यंत बाळाच्या दुधाला सीलबंद पाणी वापरा, तेही उकळून. गरोदर बाईसाठीही तेच. एरवी घाबरून राहायचं कारण नाही. रोजच्या जगण्यात पाण्यापेक्षा भाजी-फळांतूनच कीटकनाशकं जास्त पोटात जातात, तेव्हा कोथिंबीर आणि द्राक्षं नीट धुवायची सवय आधी लावा.

विषबाधा झाली हे कसं ओळखायचं?

नळाच्या पाण्यातल्या अंशाने सहसा तत्काळ काही होत नाही. पण टाकीत औषध सांडलं असेल आणि एकाच इमारतीतल्या अनेकांना एकदम उलट्या, जुलाब, भरपूर घाम, तोंडाला लाळ, डोळ्यांतून पाणी, बुबुळाचं छिद्र टाचणीच्या टोकाएवढं, स्नायू फडफडणं असं दिसलं तर १०८ ला फोन करा. मुद्दाम उलटी करवू नका. औषधाची बाटली किंवा लेबलचा फोटो दवाखान्यात न्या. ऑर्गनोफॉस्फेटवर ॲट्रोपिनसारखे उतारे आहेत, पण काय पोटात गेलं हे डॉक्टरांना कळायला हवं.

टाकीच्या पाण्याला रॉकेलसारखा वास येतोय आणि पाणी दुधाळ दिसतंय. काय करू?

आधी पंप बंद. मग वरच्या टाक्यांचे व्हॉल्व्ह बंद. औषध वर चढलं की प्रत्येक घराच्या पाइपात जातं. सगळ्या मजल्यांवर निरोप द्या : पिणं, स्वयंपाक, दात घासणं, सगळं थांबवा. गाळलं, उकळलं तरी चालणार नाही. टाकी रिकामी करण्यापूर्वी नमुना काढून ठेवा, नाहीतर पुढे कंत्राटदार हात वर करतो. महापालिकेच्या पाणीपुरवठा आणि आरोग्य, दोन्ही विभागांना कळवा आणि उपसलेलं पाणी कुठे सोडायचं तेही विचारा. पावसाळी गटारात सोडू नका, ते सरळ खाडीत जातं आणि तिथल्या मासळीला त्यातला थोडका अंशही पुरतो.

टाकी धुताना नेहमीची चूक टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडरची. क्लोरीनने ऑक्सॉन तयार होतं हे वर आलंच आहे. तळाचा गाळ खरवडून काढा, कारण क्लोरपायरीफॉस त्यातच दडून बसतं. मग धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने भिंती घासा. अशा अल्कधर्मी पाण्यात ही औषधं लवकर मोडतात. दोनदा स्वच्छ पाण्याने धुऊन भरा, एक रात्र राहू द्या आणि मग पुन्हा नमुना. क्लोरीनने निर्जंतुक करायचं ते अहवाल आल्यानंतर. घरोघरच्या फिल्टरची कार्बन काडतुसं बदलायची, ती ‘जरा धुऊन’ वापरायची नाहीत.

हा खर्च कोणी करायचा यावर सर्वसाधारण सभेत जे होतं ते होऊ द्या, पण पंप बंद ठेवून.

तक्रार कोणाकडे?

मीटरपर्यंतच्या पाण्याची महापालिकेच्या पाणीपुरवठा विभागाकडे, सिडकोच्या भागात सिडकोकडे. बिनपरवाना पेस्ट कंट्रोलवाल्याची कृषी खात्याकडे. कारखान्याच्या सांडपाण्याचा संशय असेल तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे. ‘आपले सरकार’ पोर्टलवर टाकली तर क्रमांक मिळतो. अहवाल जोडलेली तक्रार हलते, नुसता वास येतो म्हटलं की फाइल फिरत राहते.

फिश टँकमधले मासे दोनदा मेले. पाण्यात कीटकनाशक असेल का?

असू शकतं, पायरेथ्रॉइड आणि क्लोरपायरीफॉस माशांना फार थोड्या प्रमाणातही मारतात. पण दहातल्या नऊ वेळा गुन्हेगार क्लोरीन असतं. नळाचं पाणी बादलीत दिवसभर उघडं ठेवून मग टँकमध्ये घाला. तरीही मेले, आणि त्याच सुमारास इमारतीत फवारणी किंवा वाळवीचं काम झालं असेल, तर मासे विकत आणायच्या आधी तपकिरी बाटली मागवा.